परसातला चौकोन

सकाळी नऊला परसात चार खुंट्या ठोकल्या गेल्या, त्यांच्याभोवती दोरी ताणली गेली आणि थोरली पायरीवरून ते बघत राहिली. दोरीच्या आतला चौकोन केवढा, तर मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद. त्यात धड एक खाट मावली नसती. पण त्या चौकोनाभोवती आज सगळं घर खुर्च्या टाकून बसलं होतं, आणि त्यातल्या एका खुर्चीवर धाकटे बसले होते. तिचे धाकटे दीर. या परसात त्यांचं पाऊल एकतीस वर्षांनी पडत होतं.

एकतीस वर्षं ते काही परदेशी नव्हते. रस्त्याच्या पलीकडे राहत होते. समोरासमोर दोन शिलाईची दुकानं, दोन्हींवर एकच आडनाव, आणि दोन्हींत बसणारे भाऊ एकमेकांना मोठे मास्तर आणि धाकटे मास्तर म्हणून फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडून माहीत. लग्नकार्यात एक आला की दुसरा निघायचा. मयताला गेले तर एक डोक्याकडे उभा राही, दुसरा पायाकडे. गावाला याची इतकी सवय झाली होती की पाहुणे बसवतानाही लोक दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवत.

ही कोंडी फोडली ती खड्डेवाल्या बाईंनी, म्हणजे त्यांना न कळत. बाई विद्यापीठातून आल्या होत्या. गाव नक्की किती जुनं, वस्ती आधी नदीकडे होती की टेकडीकडे, हे शोधायला त्या तीस घरांच्या मागे असे तीस चौकोन खणत होत्या. सोनंनाणं मिळणार म्हणून पहिले दोन दिवस लोकांनी गर्दी केली. मडक्याची खापरं, बाटल्यांच्या काचा, कोंबडीची हाडं आणि गंजके खिळे बाहेर निघताना पाहून तिसऱ्या दिवशी ती पांगली. बाईंना मात्र खापराचा तुकडा सापडला तरी लॉटरी लागल्यासारखं होई.

शिंप्याचं परस म्हणजे बटणं निघणार, आणि बटणावरून साल सांगणारा माणूस गावात एकच. तो म्हणजे धाकटे. ही गोष्ट बाईंच्या कानावर घातली थोरलीच्या मुलीने. ती शाळेत शिकवायची, आणि चुलतभावाशी, म्हणजे थोरलीच्या पुतण्याशी, तिचं मेतकूट दोन्ही घरांच्या पाठीमागे कधीचंच जमलं होतं. दोघांनी मिळून आपापल्या बापाला गळ घातली. बाईंना मदत हवी आहे, विद्यापीठाचं काम आहे, नाही म्हणणं बरं दिसत नाही. दोन्ही बाप बरं दिसण्याला भ्यायचे. आले.

आली नाही ती फक्त धाकटी. "माझ्या नवऱ्याला चोर म्हणणाऱ्याच्या परसात मी पाय ठेवणार नाही," असा निरोप तिने मुलाबरोबर धाडला, आणि पुतण्याने तो मोठ्या आईच्या कानात, खाली बघत, पोचता केला. थोरलीने ट्रेमधले कप मोजले. धाकटीचा नवरा चोर नव्हता हे या जगात एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि ते माणूस हातात चहाचा ट्रे घेऊन परसाच्या पायरीवर उभं होतं.

गोष्ट सासऱ्यांच्या कातरीची. हातभर लांबीची, काळ्या मुठीची, कापड बेतायची कातर. कातर ज्याच्या हातात, दुकान त्याचं, असं मामंजी म्हणत. आणि कोणाच्या हातात ते सांगायच्या आतच ते गेले. महिनाभरात दोघे भाऊ बेतायच्या टेबलाशी भिडले. थोरल्यांनी कातर उचलली आणि भावाच्या छातीवर रोखली. टेबलाखाली तीन वर्षांची लेक चिंध्यांशी खेळत होती. शेजाऱ्यांनी भावाभावांना ओढून बाजूला केलं तसं थोरलीने कातर पदराआड घेतली, फडक्यात गुंडाळली आणि परसात धुण्याच्या दगडाखाली, कडेने माती उकरून, पुरून टाकली. डोकी थंड झाली की काढून देऊ, एवढंच तिच्या मनात होतं. पण सकाळी तिला जाग आली ती रस्त्यावरच्या आरड्याओरड्याने. नवरा भर रस्त्यात भावाला चोर म्हणत होता, आणि पोटुशी धाकटी एक शिलाई मशीन आणि दोन गाठोडी घेऊन घराबाहेर उभी होती. तेव्हा तोंड उघडलं असतं तर! पण नाही उघडलं. नवऱ्याच्या हाताचा धाक होता, लोकांचा होता, आणि मग एक एक दिवस करता करता उघडायची वेळच निघून गेली.

पुढे ती लेकीच्या बाळंतपणाला तिच्या सासरी गेली असताना परसात पाण्याची टाकी बांधली गेली, आणि दगड उचलून मागच्या दाराशी आणला गेला. परत आल्यावर सगळं परस भर घालून सपाट केलेलं दिसलं, आणि दगडाच्या जुन्या जागेवर सिमेंट पडलं असं धरून तिने मनातल्या मनात हात जोडले होते. म्हणूनच बाईंनी गेल्या आठवड्यात जागा विचारली तेव्हा तिने फार डोकं लढवलं होतं. टाकी तर कोणी खणणार नाही. पण उगाच जवळपास नको, पलीकडे भिंतीच्या कोपऱ्यात बरं. "तिकडे खणा," तिने हौसेने सांगितलं होतं. "तिकडे कोणाची अडचण नाही."

आता ती चहाचे कप वाटत असताना नवरा तिच्यावर तोंडातल्या तोंडात चरफडला. "सगळं परस सोडून तो कोपरा कोणी दाखवला?"

"मी. का?"

"ओल असते तिथे. भिंत खचेल." एवढं बोलून ते कप तसाच हातात धरून बसले. 

पहिला थर निघाला. बाईंची रीतच अशी की माणसाचा जीव टांगणीला लागावा. दहा सेंटीमीटर खाली उतरायचं आणि थांबायचं. निघालेली माती चाळणीत घालायची, हाती लागेल ते घमेल्यात ठेवायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, पिशवीत घालून पिशवीवर थराचा आकडा टाकायचा. फोटो काढायचा. आणि मगच पुढचे दहा. पुतण्या चाळणी हलवत होता, लेक आकडे लिहीत होती. पहिल्या थरात प्लास्टिकची बटणं, बॉबिनचा तुकडा, पेनाचं टोपण.

"मोठे मास्तर, हे कधीचं असेल?" बाईंनी एक निळं बटण पुढे केलं.

"त्यांना काय विचारता?" धाकटे बाईंकडे बघत म्हणाले. "त्यांनी बटण कधी लावलं? ते फक्त बेतणार. बटणं मी लावायचो."

"बाई, त्यांना म्हणावं," थोरले खड्ड्याकडे बघत म्हणाले, "बटणं लावायला कोणीही मिळतो."

"शाळेच्या गणवेशाचं आहे ते," धाकट्यांनी बाईंना सांगितलं. "चार भोकांचं निळं. जुने हेडमास्तर होते तोपर्यंत चाललं. पुढच्यांनी पांढरं केलं."

"पुढच्यांनी नाही, त्याच्याही पुढच्यांनी," थोरल्यांना राहवलं नाही. "पुढच्यांच्या वेळी मीच दोनशे शर्ट बेतले आहेत. निळीच होती."

धाकट्यांनी बटण उन्हात धरून पाहिलं. मान हलवली. "बरोबर. त्याच्याही पुढच्यांनी."

लेक आणि पुतण्याने एकमेकांकडे असं पाहिलं की जणू दोघांनी मिळून डोंगर हलवला. एकतीस वर्षांत दोघा भावांचं एका गोष्टीवर पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते बटणावर. थोरलीलाही भरून आलं. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. हे असंच संध्याकाळपर्यंत चाललं तर भाऊ कदाचित एका खोलीत जेवतील. फक्त त्या मातीने आज तोंड उघडू नये.

दुसऱ्या थरात पत्र्याची बटणं निघाली, शिंपल्याची दोन, टाचण्या, आणि मोडकी अंगठी. बोटात घालायची नव्हे, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटाला लावतात ती टोपी. धाकट्यांनी ती आपल्या बोटावर चढवून पाहिली. "बाबांची. त्यांचं बोट बारीक होतं." थोरल्यांनी हात पुढे केला. मधल्या खड्ड्यावरून टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि या वेळी मध्ये बाईंचा हात लागला नाही.

मग बाई गुडघ्यांवर खाली वाकल्या आणि गवंड्याच्या करणीने हळूहळू माती खरवडू लागल्या. "ताई, इथे काही होतं का आधी?"

"कुठे?"

"इथेच. ही बघा चुन्याची नि खडीची बैठक. चांगली ठोकून बसवलेली. आणि यात साबणाचा थर मुरलाय. इथे धुण्याचा दगड असणार."

थोरलीने टाकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग त्या पांढुरक्या चौकोनी डागाकडे. टाकी दगडाच्या जागेवर नव्हती. तीन-चार हात अलीकडे होती. एवढी वर्षं ती ज्याला आपल्या गुपितावरचं झाकण समजत होती ते झाकण भलतीकडेच बसलं होतं, आणि खणायची जागा तिने आपल्या तोंडाने दाखवली होती.

"आई, तू सांगायचीस ना, दगडाच्या जागेवर टाकी आली?" लेक म्हणाली.

"टाकीची जागा मीच हलवायला लावली होती गवंड्याला," थोरले घाईने म्हणाले. "उतार होता. बरं बाई, झालं ना आता? दोन थर बघितलेत. बटणं मिळाली. बुजवा."

"अहो, अजून चार थर आहेत."

"पाऊस येईल."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पुतण्या हसला, धाकटेही. थोरली हसू शकली नाही. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. कपातल्या चहावर साय धरली होती, घोट घेतलेला नव्हता.

तिसऱ्या थराला बाई एकदम थांबल्या. "गंमत बघा. ही बाकीची माती घट्ट आहे, आणि हा कोपरा भुसभुशीत. इथे कोणीतरी आधी खणलंय, आणि परत भरलंय. काहीतरी पुरलेलं दिसतंय."

थोरली पुढे झाली, अजून चहा आणू का विचारायला. आणि तेवढ्यात नवरा बोलला.

"मांजर."

"मांजर?"

"आमचं मांजर मेलं होतं. तिथे पुरलं. नका बाई उकरू, घाण वाटते."

बाईंचा चेहरा उजळला. "मग तर जपूनच काढायला हवं. हाडं शाबूत मिळाली तर!" आणि करणी टाकून त्यांनी लहान ब्रश घेतला.

थोरलीला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं. या घरात मांजर कधी पाळलंच नव्हतं. मांजराचे केस कापडाला लागतात म्हणून मामंजी दाराशी आलेल्या मांजराला हाकलून लावायचे, आणि तीच शिस्त नवऱ्याने पुढे चालवली होती. खोटं बोलावंसं आपल्याला वाटलं तर समजण्यासारखं आहे. यांनी का बोलावं? ओल असते. पाऊस येईल. टाकी हलवायला लावली. एकेक वाक्य तिने मनात पुन्हा लावून पाहिलं. ती पायरीवर बसली.

"मोठी आई, बरं वाटत नाही का?" पुतण्याने चाळणी खाली ठेवली.

"ऊन लागलं. तू चाळ."

चौथ्या थरात ब्रशखाली पत्र्याची कड दिसली. गोल कोपरा, मग झाकण, मग झाकणावरचा उडालेला लाल रंग. बिस्किटाचा डबा. थोरलीने मान उंच करून पाहिलं. डबा! तिने डबा कधी पुरला नव्हता. तिने फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, ते एव्हाना गंजून माती झालं असेल, आणि हा डबा दुसऱ्याच कोणाचा तरी असेल. क्षणभर तिला मांजर खरंच असावं असंही वाटून गेलं.

बाईंनी डब्याशेजारी मोजपट्टी ठेवली. फोटो काढले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. लेकीने खोली लिहिली. कोणालाच घाई नव्हती, म्हणजे ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांना. अखेर डबा वर आला, पुतण्याने झाकणाच्या फटीत करणीचं टोक घातलं, आणि परसात मशीनच्या तेलाचा वास पसरला. शिंप्याच्या घरात तो वास ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. आत मेणकापड होतं. मेणकापडाच्या आत तेलाने भिजलेली चिंधी. चिंधीच्या आत काळ्या मुठीची, हातभर लांबीची कातर.

पुतण्याने ती उघडून मिटली. चकचकीत पाती एकमेकांवरून अलगद सरकली.

धाकटे उठून उभे राहिले. कातर हातात न घेता त्यांनी लांबूनच पाहिली. मग ते मुलाला म्हणाले, "नीट बघून घे. हीच मी चोरली होती."

सगळ्यांच्या माना थोरल्यांकडे वळल्या. थोरल्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, पण जीभ शाबूत होती.

"माझ्याकडे काय बघता? हिला विचारा. हिने पुरली होती, दगडाखाली. मला न सांगता."

हे वाक्य कधीतरी कोणीतरी उच्चारेल या धाकात थोरलीने अर्धं आयुष्य काढलं होतं. ते उच्चारलं गेलं आणि तिला आधी लाज नाही वाटली. आधी राग आला. इतका राग तिला नवऱ्याचा कधी आला नव्हता, त्याने हात उगारला होता तेव्हाही नाही.

"हो," ती म्हणाली. "मी पुरली. भावजी, तुमच्या छातीवर रोखलेली बघितली आणि मी घाबरले. डोकी थंड झाली की देणार होते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला चोर ठरवलं आणि माझी वाचाच बसली. मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. याला माफी नाही, मी मागतही नाही." तिने डब्याकडे बोट दाखवलं. "पण मी फडक्यात बांधून पुरली होती. हा डबा माझा नाही."

लेक वही खाली ठेवून पुढे आली. तिने झाकण उचललं, अंगठ्याने त्यावरची माती पुसली. लाल रंगात अर्धवट उरलेलं पिवळं फूल दिसलं.

"हा माझा बटणांचा डबा आहे," ती सावकाश म्हणाली. "मी किती रडले होते याच्यासाठी. बाबा, तुम्हीच म्हणालात हरवला म्हणून."

थोरले चपलेच्या टोकाने माती सारखी करत राहिले.

"दादा," धाकट्यांनी हाक मारली. त्या हाकेची एकतीस वर्षांत सवय राहिली नव्हती, तरी ती तोंडातून निघाली. "तुला कधी कळलं?"

"दगड डुगडुगायला लागला होता. बघायला गेलो तर..."

"कधी?"

"दोन दिवसांनी."

"दोन दिवसांनी," धाकट्यांनी ते शब्द चावून पाहिले. "दोन दिवसांनी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो. नऊ दिवस होतो तिथे. आमच्या हिला सातवा महिना. तू सकाळी दुकान उघडायच्या आधी देवळात जाताना आमच्यासमोरून जायचास."

पुतण्या बापाकडे बघत राहिला. त्याने हे कधी ऐकलेलं नसावं. बाईंनी हातातली पिशवी, आकडा न घालताच, हळूच खाली ठेवली.

"काढायचीस तरी," थोरली नवऱ्याला म्हणाली. तिने आयुष्यात त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती, आता तिच्या ते ध्यानातही आलं नाही. "मला दरडावून विचारायचंस. मारायचंस. मी त्याच पावली त्यांना परत आणलं असतं."

"आणि दुकान?" थोरले एकदम ओरडले. "अर्धं करायचं? बाबांनी उभं केलेलं?" मग त्यांचा आवाज खाली आला, आणि सफाई दिल्यासारखं ते म्हणाले, "मी टाकून नाही दिली. तेल लावून ठेवली. नाहीतर गंजून गेली असती तुझ्या फडक्यात."

कातरीला गंज लागू नये म्हणून काळजीने तेल लावणारा माणूस समोर बसला होता, आणि त्याचा भाऊ त्याच्यासमोर उभा होता.

लेक बापाच्या शेजारची आपली खुर्ची उचलून चाळणीपाशी घेऊन गेली आणि चुलतभावाला चिकटून बसली. थोरल्यांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"बाबा, कातर?" पुतण्याने विचारलं.

"ठेव तिथे. त्यांच्या परसातली आहे." धाकटे चपला घालायला वाकले, तेव्हा त्यांचा तोल गेला आणि त्यांनी भिंत धरली. "येतो वहिनी."

"भावजी, थांबा." थोरलीने पदर सावरला, पायरीवरून उतरली आणि आपल्या चपला पायात सरकवल्या. "मी येते बरोबर."

"कुठे निघालीस?" थोरले उठले.

"धाकटीकडे. मी पुरली, हे तिला मी सांगते. तिने दारातच उभं ठेवलं तर दारात सांगेन."

"अगं, थांब तरी. माझं काय सांगशील तिला?"

थोरलीने मागे वळून पाहिलं. परसाच्या मधोमध तो उकरलेला चौकोन होता, आणि त्याच्या पलीकडे तिचा नवरा, एकटा.

"तुमचं तुम्ही सांगा," ती म्हणाली, आणि दिराच्या मागोमाग रस्त्यावर आली.